आडनाव कुठून आलं, कुठे गेलं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, गटात वाचण्यासाठी)

दुपारची कामं आटोपून कुणी निवांत बसली असेल, कुणी शेंगा फोडता फोडता ऐकत असेल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बोलता बोलता एका मावशींना विचारलं, "मावशी, तुमच्या आजोबांचं नाव काय?" त्यांनी आजोबा सांगितले, पणजोबा सांगितले, पणजोबांचे वडीलसुद्धा सांगितले. मग विचारलं, "आणि तुमच्या आईच्या आईचं?" मावशी थांबल्या. म्हणाल्या, "आम्ही तिला आईच म्हणायचो गं. नाव... नाव काय बरं होतं?" सगळा गट हसला, आणि मग सगळा गट गप्प झाला. कारण निम्म्याजणींना आपल्या आजीचं माहेरचं आडनाव सांगता येईना.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. म्हणून आज तुम्हाला एका आडनावाची गोष्ट सांगणार आहे. आडनाव आपल्याकडचं नाही, इंग्लंडातलं आहे. तिथेही ते फार थोड्या घरांत सापडतं. पण त्या एका आडनावाच्या मागे शास्त्रज्ञ लागले, आणि त्यातून जे समजलं ते आपल्या घरातल्या गोष्टीशी येऊन भिडतं.

ते आडनाव आहे ॲटनबरो.

गढीचं गाव

हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. टीव्हीवर जंगलातल्या प्राण्यांचे इंग्रजी कार्यक्रम लागतात, त्यांत एका म्हाताऱ्या माणसाचा शांत आवाज असतो. ते डेव्हिड ॲटनबरो. त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड ॲटनबरो. १९८२ साली आलेला महात्मा गांधींवरचा मोठा चित्रपट त्यांनी केला. त्या चित्रपटाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण त्यात आपल्या दोन बायका आहेत.

पण या भावांच्या कितीतरी आधी ॲटनबरो हे एका गावाचं नाव होतं. इंग्लंडच्या मधल्या भागात नॉटिंगहॅमशायर नावाचा परगणा आहे. तिथे ट्रेंट नदीच्या काठी हे गाव आहे, आणि गावात एक जुनं चर्च आहे. नावातल्या 'बरो'चा अर्थ तटबंदीची जागा. आपण जिला गढी म्हणतो, तेच. आणि पुढचा भाग आला आद्दा नावाच्या माणसावरून. म्हणजे हे झालं आद्दाच्या गढीचं गाव. जुन्या कागदांत हे नाव 'ड' घालून लिहिलेलं सापडतं, 'ट' नंतर आला. तो आद्दा कोण होता हे कुणाला ठाऊक नाही. त्याची गढीही उरली नाही. नाव मात्र हजार वर्षं टिकलं.

आता तिथे नदीकाठी पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. पूर्वी तिथे वाळू-खडी काढत असत. त्या खाणींचे खड्डे पाण्याने भरले आणि पक्षी यायला लागले. १९६६ साली त्याचं उद्घाटन डेव्हिड ॲटनबरोंच्या हस्ते झालं. गंमत अशी, की पाहुण्यांना वाटतं, या जागेला डेव्हिडचं नाव दिलंय. खरं तर उलटं आहे. गावाचंच नाव त्यांच्या घराण्याला मिळालेलं आहे.

गावाचं नाव माणसाला कधी चिकटतं?

हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडून कितीतरी आडनावं झाली. पण एक लक्षात घ्या. सगळं गाव एकाच ठिकाणचं असतं, तेव्हा गावात राहून गावाचं नाव कुणाला उपयोगाचं नसतं. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखायला लागतात. म्हणजे गावाचं आडनाव ही बहुधा गाव सोडल्याची खूण असते. इंग्लंडातही तसंच झालं.

हजार वर्षांपूर्वी तिथल्या सामान्य माणसाला एकच नाव असे. १०६६ साली फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या सरदारांमध्ये जहागिरीच्या गावावरून नाव लावायची पद्धत होती. ती हळूहळू खाली झिरपली. पुढच्या तीनशे वर्षांत बहुतेकांना आडनाव मिळालं. कुणाला धंद्यावरून मिळालं. लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर, दळण दळणारा तो मिलर. कुणाला बापाच्या नावावरून, जसा जॉनचा मुलगा जॉन्सन. कुणाला रंगरूपावरून, जसा ब्राऊन. आणि कुणाला गावावरून.

सरकारला कर गोळा करायचा, तर कोण कुठला हे वहीत लिहावं लागतं. १३७७ ते १३८१ या काळात तिथे माणशी डोईपट्टी बसवली गेली. त्या याद्यांमध्ये हजारो माणसं नावानिशी आली. मग १५३८ साली हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चने बारसं, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. म्हणूनच तिथला माणूस आज चार-पाचशे वर्षं मागे जाऊन आपलं घराणं शोधू शकतो.

पण वहीत लिहिणारा आपल्या कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. ज्याचं नाव तो बहुतेकदा अंगठेबहाद्दर. मग ॲटनबरोचं स्पेलिंग एका गावात एक, तर दुसऱ्या गावात दुसरं झालं. आपल्याकडे आधार कार्डावर एक आणि रेशन कार्डावर दुसरं नाव पडतं ना, तसंच. फरक एवढाच, की तिथे त्या चुकांची पुढे वेगळी आडनावं झाली.

स्मिथ लाखो, ॲटनबरो मोजके

आता विचार करा. लोहार तर गावोगाव होता. म्हणून स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं जन्माला आलं. आज ते ब्रिटनमधलं सगळ्यांत जास्त लोकांचं आडनाव आहे. दोन स्मिथ भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. पण आद्दाच्या गढीचं गाव एकच. तिथून बाहेर पडलेली माणसंही थोडी. त्यामुळे दोन ॲटनबरो भेटले, तर त्यांचा मूळपुरुष एक असण्याचा संभव मोठा.

हे आडनाव पसरलं कसं? आधी आसपासच. १८८१ च्या जनगणनेत पाहिलं, तर हे लोक मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि शेजारच्या डर्बीशायरमध्ये दिसतात. काहींनी लंडन गाठलं. तिथे ॲटनबरोंच्या गहाणवटीच्या पेढ्या प्रसिद्ध होत्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लंडनची बाई अडचणीत सापडली, की घड्याळ नाहीतर अंगठी घेऊन अशा पेढीची पायरी चढायची. आपल्याला ते सांगायला नकोच. काही ॲटनबरो ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतही गेले. पण डेव्हिड आणि रिचर्ड यांच्या वडिलांचा, फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली झाला तो स्टेपलफर्ड गावात. ते ॲटनबरो गावापासून अवघ्या काही मैलांवर आहे. सातशे वर्षांत आडनाव जगभर फिरलं, आणि तरी त्याचा एक धागा मुळाजवळच राहिला.

शास्त्रज्ञांनी काय पाहिलं?

हे फ्रेडरिक पुढे लेस्टर शहरातल्या विद्यापीठ-महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे त्याचंच लेस्टर विद्यापीठ झालं. योगायोग असा, की याच विद्यापीठात टुरी किंग नावाच्या बाईंनी आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावांचा अभ्यास केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी चाळीस ब्रिटिश आडनावं निवडली आणि ती लावणाऱ्या १,६७८ पुरुषांचा डीएनए तपासला.

पुरुषांचाच का? इथे जरा लक्ष द्या, कारण हे प्रत्येक सासूला आणि सुनेला माहीत असायला हवं.

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बाविसांचा इथे प्रश्न नाही, तेविसावी जोडी महत्त्वाची. बाईच्या त्या जोडीत दोन्ही 'एक्स' असतात. पुरुषाच्या जोडीत एक 'एक्स' आणि एक 'वाय'. बाळाला आईकडून नेहमी एक्सच मिळतो, कारण तिच्याजवळ दुसरं काही नसतंच. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे मुलगा की मुलगी हे ठरतं ते बापाकडून काय आलं त्यावर. आणि काय येईल ते त्याच्याही हातात नसतं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणं हे अन्यायाचं आहे आणि अडाणीपणाचंही. हे मी आज नाही, दर वेळी सांगणार.

तर हा वाय बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला असा जातो. आडनावही त्याच वाटेने जातं. म्हणून एका आडनावाच्या पुरुषांचे वाय सारखे निघाले, तर त्यांचा मूळपुरुष एक, असं म्हणता येतं. आजीची ओव्यांची वही आईने उतरवून घेतली, आईची लेकीने उतरवली, की कुठे कुठे एखादं अक्षर बदलतं. तसे या वायमध्येही पिढ्यान्पिढ्या बारीक बदल होतात. ते मोजून शाखा कुठे फुटली याचा अंदाज बांधतात.

निष्कर्ष असा निघाला. चाळीस आडनावांची सरासरी काढली, तर शंभरातले ६२ पुरुष आपल्या आडनावातल्या कुठल्या ना कुठल्या भाऊबंदकीत बसत होते. स्मिथसारख्या आडनावात असं नातं जवळजवळ दिसलंच नाही. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं नातं घट्ट. आणि सगळ्यांत घट्ट निघालं ते ॲटनबरो. वेगवेगळी स्पेलिंगं धरूनसुद्धा, शंभरातले ८७ एकाच मूळपुरुषाच्या वंशातले.

मग सुरुवातीला हे आडनाव लावणारा माणूस एकच होता का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही, असं शास्त्रज्ञच सांगतात. समजा, एका वाफ्यात दहा बिया टाकल्या. नऊ उगवून वाळून गेल्या, एकीचं झाड झालं. नंतर येणाऱ्याला वाटतं, इथे एकच बी टाकली होती. आडनावाचंही तसंच असतं. १३४८-४९ साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली, घरंच्या घरं बुडाली. आणि साथ नसली तरी, ज्या घरात फक्त मुली झाल्या तिथे आडनाव संपलं. घर संपलं नाही, माणसं संपली नाहीत. मुली होत्या, त्यांची लेकरं होती, शेताबांधांवर राबणारे हात होते. पण वहीत ते आडनाव संपलं.

आणि उरलेले तेरा? त्यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. कुणी दत्तक घेतलेला असेल. कुणी विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव लावलं असेल. कुणी सासऱ्याची इस्टेट मिळाली म्हणून त्याचं आडनाव घेतलं असेल. आणि लग्नाशिवाय मूल झालेल्या आईने आपलंच आडनाव मुलाला दिलं असेल. म्हणजे पाहा, आडनाव बापाकडूनच येतं असं आपण म्हणतो, पण त्यातल्या काहींना ते एखाद्या आईने दिलेलं असतं.

आईचा धागा

आता खरी गोष्ट. बापाचा धागा आहे, मग आईचा नाही का?

आहे. आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. पेशीची चूलच म्हणा ना. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, आणि तो आईकडूनच मिळतो. मुलग्यालाही मिळतो, मुलीलाही. पण पुढे देते ती फक्त मुलगी. माझ्यातला तो माझ्या आईचा, तिच्या आईचा, तिच्या आजीचा. या धाग्याला आडनाव नाही. प्रत्येक पिढीत लेक दुसऱ्या घरी जाते आणि वहीतलं नाव बदलतं.

हा धागा किती पक्का असतो, तेही लेस्टरमध्येच दिसलं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. त्याला लेस्टरमध्ये पुरलं होतं, पण जागा विसरली गेली होती. २०१२ साली गाड्या लावायच्या एका तळाखाली खणताना एक सांगाडा सापडला. हा राजाच का? डीएनएचं काम टुरी किंग यांच्याकडेच आलं.

राजाला वंश उरला नव्हता. पण त्याला बहीण होती, ॲन. तिची लेक, लेकीची लेक, असं करत इतिहास-संशोधक आजच्या माणसांपर्यंत आले. त्यांतला एक लंडनमध्ये राहणारा सुतार. त्याचा आईकडचा डीएनए पाचशे वर्षांपूर्वीच्या सांगाड्याशी तंतोतंत जुळला. आणि दुसरीकडे राजाच्या पुरुष-घराण्याचे, मोठ्या सरदार कुळातले वारस होते. कागदोपत्री वंशावळ अगदी शाबूत. त्यांचा वाय मात्र राजाशी जुळला नाही. कुठल्या तरी पिढीत तो धागा तुटला होता.

मैत्रिणींनो, ज्याची वंशावळ मिरवली गेली तो धागा तुटलेला निघाला. आणि ज्यात प्रत्येक पिढीला आडनाव बदललं, तो शाबूत निघाला. राजाची ओळख पटायला बहीण कामी आली. पण तिच्या लेकींचा माग काढणं सोपं नव्हतं. प्रत्येक लग्नाला नवं आडनाव, प्रत्येक वेळी नवी वही उघडायची. त्या बायकांची नावं कुणीतरी लिहून ठेवली होती म्हणूनच ते जमलं.

ॲटनबरोंच्या घरातही तेच. डेव्हिड आणि रिचर्डच्या आई मेरी. त्यांचं माहेरचं आडनाव क्लेग. १९३७ साली स्पेनमधल्या युद्धातून निर्वासित मुलं लेस्टरला आली, त्यांच्यासाठी मेरीबाई झटल्या. १९३९ साली जर्मनीतून निसटलेल्या दोन ज्यू बहिणींना या घराने आसरा दिला. त्या काही दिवसांसाठी आल्या आणि सात वर्षं लेकींसारख्या राहिल्या. आडनाव वेगळं, रक्त वेगळं, तरी बहिणीच. जग या घराला ॲटनबरो म्हणून ओळखतं. क्लेग हे नाव किती जणांनी ऐकलं आहे?

आपल्या दोघी

आता त्या चित्रपटाकडे येऊ. रिचर्ड ॲटनबरोंच्या चित्रपटात कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी. पुण्याच्या, माहेरच्या ओक. त्या कामासाठी त्यांना ब्रिटनचा मोठा पुरस्कार मिळाला. आणि वेशभूषा केली भानू अथैया यांनी. कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ही आपली कोल्हापूरची लेक. पण शंभर वर्षांनी कुणी नुसतं 'अथैया' हे आडनाव घेऊन कोल्हापुरात शोधायला लागलं, तर त्याला हे घर सापडेल का? राजोपाध्ये हे नाव कुणी शेजारी लिहून ठेवलं, तरच सापडेल.

आपल्या कोल्हापूर-सांगली भागात हेळवी यायचे, अजूनही कुठे कुठे येतात. वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. ऐकायला फार छान वाटतं. पण त्या वहीत बहुतेक नावं पुरुषांचीच. आपली आजी, पणजी कुठे?

२०२४ च्या मार्चमध्ये आपल्या राज्य सरकारने ठरवलं, की सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं. चांगलं झालं. पण ते झालं पुढच्या लेकरांचं. मागच्या बायकांची नावं आपल्यालाच लिहावी लागतील, आणि ती आठवणारी माणसं दिवसेंदिवस कमी होताहेत.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीला गटात एक कोरी वही आणा. प्रत्येकीने एक पान घ्यायचं. वर आपलं नाव आणि माहेरचं आडनाव. खाली आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव, तिचं गाव. त्याखाली आईची आई. आठवेल तिथपर्यंत जायचं. जिथे अडेल तिथे जागा मोकळी सोडायची आणि घरी जाऊन मावशीला, मामाला, भाऊबंदातल्या म्हाताऱ्या बाईला फोन लावून विचारायचं. लिहिता येत नसेल तिने शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्यायचं. त्या मुलीलाही तेवढंच कळेल.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मावशींचा परवा फोन आला होता. भावाला विचारलं, त्यालाही आठवेना. मग शेवटी मामेबहिणीने सांगितलं. म्हणाल्या, "अगं, सापडलं! तिचं नाव सोनाबाई होतं." आवाज एवढा आनंदाचा, जणू काही हरवलेला दागिना मिळाला.

तुमच्या वहीत किती नावं जमली, ते आम्हाला नक्की कळवा.